बार्टचा बोगदा 1989मध्ये वाचला, पण कशामुळे?

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतोय: 'सॅन फ्रान्सिस्कोच्या 1989च्या भूकंपात खाडीवरचा पूल मोडला, पण खाडीखालच्या बार्ट रेल्वेच्या बोगद्याला काही झालं नाही. तो खडकात घट्ट बसलाय. एवढं जड काँक्रीट हलणार कसं? आणि केंद्र दूर असलं की धोका नसतोच.'

पुलाचं खरं आहे. तो महिनाभर बंद होता, आणि तपासणीनंतर काही तासांत सुरू झालेल्या बार्टनेच लोकांना खाडीपार नेलं. बोगदा वाचल्याची सांगितलेली कारणं मात्र सगळी चूक आहेत.

हा बोगदा खडकात नाहीच. खाडीच्या तळाशी चर खणून त्यात पोलाद-काँक्रीटचे 57 भाग ओळीने ठेवले, जोडले आणि भोवती वाळू-खडीचा भराव टाकला. मुंबईची मेट्रो 3 खडक कोरून नेली, तसं इथे झालेलं नाही.

'जड' हा शब्द तर फारच फसवा. सैल, पाण्याने भरलेली वाळू जोरात हादरली की तिचे कण एकमेकांवर टेकायचे सुटतात. सगळा भार मधल्या पाण्यावर येतो आणि जमीन आमटीसारखी पातळ होते. मी लेकीला हे बादलीत दाखवलं. ओल्या वाळूत झाकण लावलेला रिकामा डबा पुरला, वर बत्ता ठेवला आणि बादलीच्या कडेवर थापा मारत राहिलो. बत्ता खाली गेला, डबा वर आला. रेल्वेचा बोगदा म्हणजे तो डबा. आत पोकळी असल्याने तो बुडण्यापेक्षा तरंगण्याची भीती जास्त. नंतर पाणी निघून गेलं की वाळू दबून बसते आणि जमीन खचते, ती वेगळीच.

राहिलं अंतर. केंद्र सांताक्रूझच्या डोंगरात, शहरापासून जवळपास 100 किलोमीटरवर होतं आणि जोराचे हादरे पंधराएक सेकंदच टिकले. तरीही शहरातल्या मरीना भागात भरावाची जमीन पातळ झाली, घरं कलली. जमिनीतून उसळलेल्या वाळूबरोबर 1906च्या भूकंपानंतर शहरात लागलेल्या आगीतल्या जळक्या लाकडाचे तुकडे वर आले! हेवर्ड प्रस्तरभंग (खडकातली भेग, जिच्या कडा सरकल्या की भूकंप होतो) तर बोगद्याच्या पलीकडच्या टोकाच्या ओकलंड शहरातूनच जातो. तो हलला तर बोगद्याला यापेक्षा फार मोठी परीक्षा द्यावी लागेल.

बार्टने 1989च्या निकालावर भरवसा ठेवला नाही. 2004मध्ये मतदारांनी भूकंपसुरक्षेसाठी 98 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली आणि त्यानंतर बोगद्याभोवतीचा तोच सैल भराव दाबून घट्ट करण्याचं काम हाती घेण्यात आलं.