परदेशातल्या मुलीचा वाटा

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या एका चुलत बहिणीने माहेरच्या कोथरूडच्या फ्लॅटसाठी हक्कसोडपत्र करून द्यायला नकार दिला. इमारत रिडेव्हलपमेंटला चाललीय, त्यामुळे वारसांची नावं आत्ताच लागायची आहेत. त्यावर एका निवृत्त, उच्चशिक्षित काकांनी लिहिलं, ‘मुली परदेशात सुखात आहेत. त्यांना काय कमी आहे? माहेरच्या घरावर हक्क सांगणं शोभत नाही.’ खाली पटापट अंगठे उमटले. काही अंगठे बायकांचे होते, त्याचं जास्त वाईट वाटलं.

या काकांचा मुलगा टोरांटोला आहे. त्याच्यासाठी घेतलेला बाणेरचा फ्लॅट कुलूप लावून ठेवलाय, महिन्याला मेंटेनन्स भरला जातो, अधूनमधून बाई येऊन झाडून जाते. त्याला काय कमी आहे, असं कोणी विचारत नाही. मुलगा परदेशी गेला की त्याचं घर त्याची वाट बघतं. मुलगी त्याच विमानाने, तशाच नोकरीसाठी गेली तरी ती ‘दिली’ गेलेली असते.

कायद्याबद्दलही ग्रुपवर वाट्टेल ते लिहिलं जातं. ‘२००५ नंतर मुलींना डोक्यावर चढवलं,’ हे त्यातलंच. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला फ्लॅट असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत तिला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, आणि महाराष्ट्राने तर हे १९९४ मध्येच केलं होतं, तेव्हा लग्न न झालेल्या मुलींपुरतं. आणखी एक गोष्ट २००५ मध्ये गेली, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. कलम २३. कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागेपर्यंत मुलीला मागता येत नसे. म्हणजे वाटा होता, पण भावाच्या मर्जीवर. जन्मसिद्ध हक्कासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही, हे सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. आणि हे सगळं एका सहीने, दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात, अर्ध्या तासात सोडून दिलं जातं. ‘भावाशी वाकडं नको, माहेर तुटेल’ एवढं एक वाक्य पुरतं.

‘सुखात आहेत’ याबद्दल मला माझ्या मोठ्या वहिनीचं सांगायचंय. दादा कॅलिफोर्नियाला गेला तेव्हा ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर गेली. ती सीए आहे. मे २०१५ पर्यंत एच-फोरवरच्या जोडीदाराला नोकरीची परवानगीच नव्हती. नंतर मिळाली तीही नवऱ्याच्या ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचलं असेल तर. दादाचा रिटायरमेंट फंड, दादाचा पगार, दादाच्या नावावर घराचं कर्ज. स्वतःचा एक डॉलर हातात नव्हता त्याच काळात तिने साताऱ्याच्या माहेरी हक्कसोडपत्रावर सही केली, कारण ‘तुला तिकडे काय कमी आहे?’ पैठणी मिळाली. साडीचोळीवर बोळवण म्हणतात ती हीच. परदेशी गेलेल्या किती बायका दुसऱ्याच्या व्हिसाला बांधलेल्या असतात, हे पुण्यात बसून दिसत नसेल, पण विचारता तर येतं.

मी जर्मनीत राहते. इथे माझ्या टीममधल्या एकीचे वडील वारले. ती स्टुटगार्टला, भाऊ गावाकडच्या घरात. दोघं नोटारकडे, म्हणजे तिथल्या नोटरीकडे बसले, घराची किंमत काढली, भावाने तिच्या हिश्श्याचे पैसे दिले. ख्रिसमसला ती त्याच घरी जाते. तुटलं काही नाही. जर्मनीत वडिलांनी मृत्युपत्रात मुलीला वगळलं तरी कायदेशीर वाट्याच्या निम्मी रक्कम तिला मागता येते. आपल्याकडे वडील स्वकष्टाचा फ्लॅट एका कागदावर पूर्ण मुलाला लिहून देऊ शकतात. जर्मनीत १९७७ पर्यंत बायकोने संसार सांभाळून जमेल तेवढीच नोकरी करावी असा कायदा होता, हे मला माहीत आहे. पगारातली तफावत २०२४ मध्येही १६ टक्के होती, आणि स्टॉयरक्लास फ्युन्फमधल्या, म्हणजे कमी कमावणाऱ्या जोडीदाराच्या पगारातून जास्त कर कापणाऱ्या वर्गातल्या मैत्रिणींच्या पगाराच्या चिठ्ठ्या मी बघितल्यात. पण बहिणीने वाटा घ्यावा का, यावर इथे काका-मामांची बैठक बसत नाही.

मग येतो सेवेचा मुद्दा. ‘आईवडिलांचं कोणी केलं? इथे राहणाऱ्याने.’ आमच्या घरी बाबांचं शेवटचं सगळं धाकट्या वहिनीने केलं. औषधं, डायपर, रात्रीची जागरणं. मी जर्मनीतून फोन करत होते, दादाही फोनच करत होता. सेवेवरच वाटा ठरवायचा तर तो तिच्या नावावर करा, मी आज सही करते. सासऱ्याच्या मालमत्तेत ती वारस धरली जात नाही, आणि तिच्या सेवेच्या नावाने जो वाटा मागितला जातो तो तिच्या नवऱ्याच्या खात्यावर जातो. हे बोलले तेव्हा ग्रुपवर शांतता पसरली.

पैशांसाठी मी भांडतेय का? नाही. आणि असते तरी त्यात लाजण्यासारखं काय आहे? जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही, पण भारतीय पासपोर्ट मात्र परत करावाच लागतो. जर्मन नागरिकत्वाचा माझा अर्ज भरून पडलाय. दादाने अमेरिकेची शपथ घेतली तेव्हा आईने पेढे वाटले, आणि त्याची खोली अजून ‘दादाची खोली’ आहे. माझ्या खोलीत इस्त्रीचं टेबल आलं. मी अर्ज पाठवत नाही, कारण आमच्या पुण्यातल्या घराच्या कागदावरून नाव गेलं आणि पासपोर्टही गेला, तर पुण्याची म्हणून माझं काय उरतं ते मला सांगता येत नाही. इथे केरवोखची, म्हणजे सफाईच्या पाळीची पाटी दाराला लागली की मी जिना पुसते, कर भरते, शेजारी चांगले आहेत. तरीही मी तिथली आहे. मला ते कोणाच्या मेहेरबानीवर नको आहे.

आमचीही इमारत आता पाडायला काढलीय. धाकट्या भावाला मी कळवलंय की बिल्डरच्या करारासाठी मुखत्यारपत्र म्युनिकच्या कॉन्सुलेटमधून साक्षांकित करून पाठवते, आईच्या भाड्याच्या घराचं काय ते तू ठरव, माझी हरकत नाही. हक्कसोडपत्राचा मसुदा मात्र सही न करता परत पाठवलाय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.