कॉस्टिकच्या पाण्यात पिस्टन ‘नवाकोरा’ होत नाही

ऊस हंगाम आटोपला की कोल्हापूर भागातले ट्रॅक्टर इंजिनकामाला येतात, आणि त्याच सुमारास गॅरेजवाल्यांच्या मोबाइलवर एक जुनाच संदेश पुन्हा फिरू लागतो. त्याचा आशय असा: पिस्टन आणि हेडवरचा (सिलिंडरचं वरचं झाकण) कडक कार्बन काढायला विकतचं केमिकल कशाला? उकळत्या पाण्यात कॉस्टिक सोडा टाका, भाग रात्रभर बुडवून ठेवा. राहिलेलं ग्राइंडरच्या डिस्कनं घासा, नाहीतर शिरोलीत ओळखीच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, शॉट ब्लास्ट (पोलादी छर्ऱ्यांचा मारा) करून आणा. पिस्टनवर रिंगा बसतात त्या खाचा तुटक्या रिंगनं कोरा, शेवटी पेट्रोलनं धुवा. भाग चकाकला की काम पक्कं, आणि धूरही बंद.

यातली एक सूचना अर्धी बरोबर आहे. सगळ्यात जास्त नुकसान मात्र पहिलीच करते.

कॉस्टिक ओतीव लोखंडाला चालतं. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड गरम कॉस्टिकमध्ये बुडवण्यात गैर काही नाही. आजचा पिस्टन मात्र बहुतेक वेळा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि अ‍ॅल्युमिनियम आम्लात विरघळतं तसं अल्कलीतही विरघळतं. गरम कॉस्टिकमध्ये त्याचं सोडियम अ‍ॅल्युमिनेट बनतं आणि हायड्रोजन सुटतो. टबात जे फसफसतं, त्याला लोक ‘कार्बन सुटतोय’ म्हणतात. खरं तर तिथं पिस्टन संपत असतो. बंद शेडमध्ये, खाली शेगडी पेटलेली असताना हायड्रोजन साठू देणं हा वेगळाच धोका. स्कर्ट (पिस्टनचा खालचा भाग) आणि बोअर (सिलिंडरचं भोक) यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. रात्रभरात तिथला, रिंगच्या खाचेतला आणि गजन पिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी पिन) भोकातला धातू खाल्ला गेला की तो पिस्टन कितीही स्वच्छ दिसो, भंगारातच जायचा. घरातल्या भट्टी-ओव्हनचे अनेक क्लीनरही कॉस्टिकचेच असतात, तेव्हा त्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा.

हा सल्ला बहुधा जुन्या तेल इंजिनांच्या काळातून आला असावा. संथ चालणाऱ्या लिस्टर इंजिनांत पिस्टनसुद्धा ओतीव लोखंडाचा असायचा, त्याला कॉस्टिक सोसायचं. तेव्हा आधी धातू ओळखा. लोहचुंबक लावून बघा, पण पिस्टनच्या खालच्या स्कर्टला लावा. बऱ्याच डिझेल पिस्टनमध्ये वरच्या रिंगच्या खाचेत लोखंडी कडं ओतलेलं असतं. ते पाहून अख्खा पिस्टन लोखंडी समजून टबात टाकू नका. लोखंडी भागासाठी कॉस्टिक वापरायचंच असेल तर आधी पाणी घ्या आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं टाका. उलटं केलं तर उसळून अंगावर येतं. डोळ्यांना गॉगल, हाताला रबरी मोजे हवेतच. धुऊन वाळवलं की लगेच ऑइल लावा, नाहीतर लोखंड बघता बघता गंजतं.

ग्राइंडरच्या डिस्कबद्दल मात्र आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही. या डिस्क अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या कणांच्या असतात, आणि हे कण क्रँकच्या पोलादाहून कठीण. घासताना उडालेली पूड ऑइलच्या वाटांत शिरते, मऊ बेअरिंगमध्ये रुतून बसते आणि क्रँकच्या जर्नलवर (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) रेघा ओढत राहते. जनरल मोटर्सनं आपल्या मेकॅनिकांना अशा डिस्क वापरू नका असं सर्व्हिस बुलेटिन काढून बजावलं होतं. दुसरी गोष्ट, हेडच्या गॅस्केटच्या पृष्ठभागावर हातानं धरलेली डिस्क एका जागी जास्त खाते. डोळ्यांना ते दिसत नाही. सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावलं की कळतं, किंवा मग गॅस्केट उडाल्यावर.

शॉट ब्लास्टची सूचना खास कोल्हापूरची. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत कास्टिंगवरची वाळू झाडायला ही यंत्रं आहेत आणि त्या कामाला ती उत्तम आहेत. पण मशिनिंग झालेल्या अ‍ॅल्युमिनियम हेडवर पोलादी छर्रे मारले तर व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटच्या, गॅस्केटच्या जागेच्या कडा ठोकल्या जातात. छर्रे पाण्याच्या जॅकेटमध्ये आणि ऑइलच्या वाटांत अडकतात. ते सगळे निघाले याची खात्री कोण देणार? भट्टीत टाकून कार्बन जाळा म्हणणारेही भेटतात. कडक कार्बन जळून जाईल इतक्या तापमानाच्या कितीतरी आधी पिस्टनच्या मिश्रधातूची ताकद उतरते.

तुटक्या रिंगची सूचना ही ती अर्धी बरोबर. जुना, चालणारा उपाय आहे, फक्त रिंग त्याच पिस्टनची हवी. बऱ्याच डिझेल इंजिनांत वरची रिंग पाचरीच्या आकाराची असते, तिच्या खाचेत सरळ रिंग चालवली तर खाचेचा उतार बिघडतो. रिंगचं तोंड काटकोनात घासून घ्या आणि कोरायचं ते खाचेच्या तळाशी. खाचेची खालची बाजू खरवडली तर नवी रिंग तिथं नीट टेकत नाही आणि गॅस खाली निसटतो. ऑइल रिंगमागची बारीक भोकं तेवढ्याच मापाचं ड्रिल बिट हातात धरून, बोटांनी फिरवत मोकळी करा. ड्रिल मशिन लावू नका.

पेट्रोलनं धुण्याबद्दल काय बोलायचं! शून्याखालच्या तापमानालासुद्धा त्याची पेट घेणारी वाफ तयार होते, आणि पलीकडे कुणीतरी वेल्डिंग करत असतो. चिकट मळी काढायला रॉकेल किंवा डिझेल पुरे. भाजून घट्ट झालेला कार्बन मात्र यांतल्या कशानंच विरघळत नाही.

मग काय करायचं? अ‍ॅल्युमिनियमला चालतो असं स्पष्ट लिहिलेला पार्ट्स क्लीनर, गरम पाणी आणि वेळ. भिजवा, मऊ झालेला थर पितळी पट्टीनं किंवा बांबूच्या चपट्या कामटीनं काढा, पुन्हा भिजवा. अल्ट्रासोनिक टाकी मिळाली तर खाचा आणि भोकं सोपी जातात. शेवटी प्रत्येक वाटेतून ब्रश, साबणाचं पाणी आणि कॉम्प्रेसरची हवा. पिस्टनच्या माथ्यावर काळपट डाग राहिला तर राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही. रिंगची खाच, व्हॉल्व्हची सीट आणि गॅस्केटची जागा मात्र साफच हवी.

राहिला धुराचा दावा. कार्बन धुण्याआधी तो नीट बघा. ओला, तेलकट थर असेल तर ऑइल रिंगांवाटे किंवा व्हॉल्व्ह गाइडवाटे (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आत येतंय. कोरडी, भुसभुशीत काजळी असेल तर डिझेल फवारणारे नोझल आणि एअर फिल्टर तपासायचे. कारखान्याच्या यार्डात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत ट्रॅक्टर तासन् तास स्लोवर चालू ठेवला तर ज्वलन थंड पडतं, डिझेल पुरतं जळत नाही आणि थर वाढत जातो. अशा गाडीचं इंजिन बांधून दिलं आणि नोझल टेस्टिंगला न पाठवता तसेच परत बसवले, तर पुढच्या हंगामात हेड पुन्हा उतरवावं लागेल.