पाकिटातल्या ओट्समध्ये गहू येतो कुठून?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. "गहू बंद झाला म्हणून काळजी करू नका! ओट्स मुळातच ग्लुटेन-फ्री असतात. पाकिटावर घटक वाचा, फक्त ओट्स लिहिलेलं असतं. शंका असेल तर धुऊन, भाजून घ्या. पोट दुखलं नाही की समजा चालतंय. सिलिअॅकच्या मुलांना रोज एक वाटी द्या." पाठवणाऱ्यांत माझी मावशीही होती. तिने तो मायेनेच पाठवला, कारण माझ्या लेकीला सिलिअॅक आहे, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार. पण ज्या घरात नुकतंच निदान झालंय त्या घरात हा मेसेज गेला, तर भोगावं लागतं ते मुलाच्या आतड्याला. म्हणून त्यातलं एकेक वाक्य घेते.

"ओट्स मुळातच ग्लुटेन-फ्री." शेतात उभ्या असलेल्या रोपापुरतं हे बरंचसं खरं आहे. सिलिअॅकमध्ये घात करतात ती गहू, जव आणि राय (गव्हासारखंच एक धान्य) यांतली प्रथिनं. ओट्समधलं प्रथिन वेगळं, त्याला अॅव्हेनिन म्हणतात, आणि बहुतेक रुग्णांना ते सोसतं. फिनलंडमध्ये १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रौढ रुग्णांना रोज ५० ते ७० ग्रॅम ओट्स देऊन पाहिले, तेव्हा आतड्याच्या अस्तराला इजा दिसली नाही. पण "बहुतेक" म्हणजे "सगळे" नाहीत. नॉर्वेतल्या २००३ च्या अभ्यासात १९ जणांना भेसळ नसलेले ओट्स दिले होते, तरी एकाच्या आतड्याचं अस्तर झडलं. म्हणूनच एकाच धान्याबद्दल दोन कायदे आहेत. युरोपात खास काळजी घेऊन तयार केलेल्या, किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसलेल्या ओट्सवर ग्लुटेन-फ्री लिहिता येतं. ऑस्ट्रेलियात ओट्सवर ते लिहायलाच परवानगी नाही.

"घटकांत फक्त ओट्स लिहिलंय." माझी खरी तक्रार इथे आहे. घटकांच्या यादीत कंपनीने काय घातलं ते असतं. आपोआप काय आलं ते नसतं. ओट्स ज्या भागात पिकतात तिथे आज ओट्स असलेल्या शेतात गेल्या वर्षी बऱ्याचदा गहू किंवा जव असतो. मागे सांडलेलं बी उगवतं. कापणीचं यंत्र तेच, ट्रक तोच, कोठार तेच, पोहे करणारी गिरणीही तीच. गव्हाचा दाणा निदान आखूड आणि गोल तरी असतो. जवाचा दाणा आकाराने ओट्सच्या इतका जवळ असतो की चाळणीने तो नीट वेगळा होत नाही. अमेरिकेत २००४ साली बाजारातले साध्या ओट्सचे १२ डबे तपासले, त्यातले ९ मर्यादेच्या वर निघाले आणि एकात किलोमागे १८०७ मिलिग्रॅम ग्लुटेन होतं. कॅनडात २०११ मध्ये १३३ नमुने पाहिले, त्यांतले सुमारे ८८ टक्के मर्यादेबाहेर.

निदान व्हायच्या आधी आणलेलं एक पाकीट मी नंतर खिडकीपाशी बसून स्टीलच्या ताटात पसरलं होतं. ओट्सची चकती फिकट, पांढुरकी, कडेला थोडी फाटलेली. बोटाने बाजूला सारत गेले आणि एक तांबूस, जाडसर चकती सापडली. मधोमध रेघ होती, गव्हाच्या पोटावर असते तशी. मग आणखी एक. चपटे झालेले जव मला ओळखता आले नसते, म्हणून त्यांचं काही सांगत नाही.

एका दाण्याने काय होतं, असं मावशीने विचारलं. हिशेब करून पाहा. भारतातही ग्लुटेन-फ्रीची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे. ४० ग्रॅम ओट्सला ती ०.८ मिलिग्रॅम पडते. गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा आणि त्यात दहाव्या हिश्श्याच्या आसपास ग्लुटेन, म्हणजे ४ मिलिग्रॅम. एका दाण्याने वाटी मर्यादेच्या पाचपट वर जाते. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांचं आतडं सांभाळून घेतं असं मानतात, आणि रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने पोटात गेलं तर इजा होते हे इटलीतल्या अभ्यासात दिसलं. त्यामुळे एखाद्या दिवशीचा एक दाणा म्हणजे संकट नव्हे. पण रोजच्या वाटीत एक आहे की सहा, हे कोण मोजणार? दाणे पोत्यात सारखे पसरलेलेही नसतात. एक मूठ स्वच्छ निघते आणि पुढच्या मुठीत चार निघतात.

"धुऊन, भाजून घ्या." नाही. ग्लुटेन हे प्रथिन आहे. भाजून किंवा उकळून ते निरुपद्रवी होत नाही, आणि धुण्याने गव्हाची चकती ओट्समधून उठून जात नाही. यावर इतकंच पुरे.

"पोट दुखलं नाही की चालतंय." हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त भीती वाटली. माझ्या लेकीचं पोट कधी दुखलंच नव्हतं. उंची खुंटली होती आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वर येत नव्हतं, एवढंच. सिलिअॅक पुष्कळ मुलांत असाच गप्प असतो. गहू बंद केल्यावर तिच्या रक्तातलं टीटीजी, म्हणजे सिलिअॅकमध्ये वाढणाऱ्या प्रतिपिंडांचं प्रमाण, उतरत आलं, आणि ओळखीतल्या एकीच्या सल्ल्याने आम्ही साधे ओट्स सुरू केले तेव्हा ते पुन्हा चढलं. त्या चार महिन्यांत ती एकदाही कुरकुरली नव्हती. ओट्स थांबवल्यावर आकडा खाली आला. पोटाला विचारून हे कळत नाही, रक्त तपासावं लागतं.

मेसेजच्या उत्तरात काहींनी लिहिलं की ओट्स म्हणजे विषच, कायमचे बंद करा. तेही मला पटत नाही. ज्यांना सोसतात त्यांना त्यातून चांगले तंतू मिळतात आणि जेवणात बदल होतो. काही उत्पादक खास शेतं राखतात, तिथे आधीची काही वर्षं गहू-जव घेत नाहीत, यंत्रं आणि गिरणी वेगळी ठेवतात. काही जण मात्र साधेच ओट्स घेऊन यंत्राने निवडतात. दोन्ही पाकिटांवर अक्षरं तीच असतात. पहिल्या प्रकारावर माझा जास्त भरवसा आहे, आणि कोणती पद्धत वापरता हे कंपनीला लिहून विचारता येतं. चूक मोठ्यांकडूनही होते: २०१५ मध्ये जनरल मिल्स या कंपनीने अमेरिकेत ग्लुटेन-फ्री लिहिलेल्या चीरिओजची (ओट्सपासून केलेला नाश्त्याचा पदार्थ) सुमारे १८ लाख खोकी परत मागवली, कारण कारखान्यात गव्हाचं पीठ शिरलं होतं.

तेव्हा निदान ताजं असेल तर आधी टीटीजी खाली येऊ द्या. मग डॉक्टरांना विचारून, ग्लुटेन-फ्री लिहिलेलेच ओट्स, थोड्या प्रमाणात सुरू करा आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करा. मसाला ओट्सच्या पाकिटावरची अॅलर्जीची ओळ वेगळी वाचा, कारण मसाल्यातूनही गहू येतो.

आणि ओट्स नाहीत म्हणून अडत काही नाही. आमच्याकडे सकाळी नाचणीची आंबील, पोहे नाहीतर ज्वारीच्या पिठाची धिरडी असतात. फक्त बाहेरच्या गिरणीत आधी कुणाचे गहू दळले असतील याचा नेम नसतो, म्हणून ज्वारी-नाचणी घरघंटीवर दळते आणि त्या घरघंटीत गहू कधीच टाकत नाही. भाजणी आणि मेतकूटही बाहेरचं आणत नाही, दोन्हींत बहुधा गहू असतो. मावशी दिवाळीला येते तेव्हा तिची भाजणी वेगळ्या डब्यात आणते, आणि तो डबा वरच्या फळीवर ठेवते.