गॅसवाले कोण?

"गॅसवाले कोण आहेत? परत आत या!"

सोनोग्राफी सेंटरच्या मदतनीस मुलीने दार अर्धं उघडून अशी हाळी दिली, तेव्हा बाकावरच्या एका आजींनी "सिलिंडर इथे कुणी मागवला?" असं खरोखर विचारलं. मी उठलो. पोटावर जेल तसंच, त्याला शर्ट चिकटलेला, आणि या गृहस्थांच्या आतड्यात वायू फार असल्याने डॉक्टरांना त्यांचं स्वादुपिंड सापडत नाही, हे भरल्या खोलीला कळून चुकलेलं. स्वादुपिंड हरवलेल्या माणसाबद्दल लोकांना कणव वाटत असेल अशी माझी समजूत होती. शेजारचे दोघे जरा सरकून बसले.

पोटाच्या सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर दोन हुकूम असतात. उपाशी पोटी या, आणि लघवी रोखून या. एक पिशवी रिकामी हवी, दुसरी तुडुंब. का, ते कुणी सांगत नाही. खरं तर कारण सरळ आहे. यकृताखाली पित्ताशय लोंबतं, ७ ते १० सेंमी लांब, त्यात जेमतेम ३० ते ५० मिली पित्त मावतं. आपण खाल्लेलं तूप-तेल-दूध आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात पोचलं, की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात आणि पित्ताशय आकसून पित्त आतड्यात ओततं. आकसलेल्या पित्ताशयाची भिंत जाड दिसते, आतले खडे नजरेतून निसटू शकतात. म्हणून ६ ते ८ तास पोटात काही नको. साधं पाणी चालतं. दुधाचा चहा चालत नाही. मूत्राशय भरायचं ते ओटीपोटासाठी: फुगलेलं मूत्राशय आतड्याची वेटोळी वर ढकलतं आणि त्याच्या पाण्यातून पलीकडचं स्वच्छ दिसतं. त्यासाठी तासभर आधी साधारण लिटरभर पाणी प्यायचं.

एवढं सगळं चार ओळींत लिहून भिंतीवर लावता येईल. भिंतीवर एकच फलक होता, इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही हा. तो कायद्याने लावावाच लागतो. म्हणजे फलक रंगवणारा माणूस यांच्या ओळखीचा आहे.

तर लिटरभर पाणी पोटात घेऊन बसलो होतो, आणि शेजारी काका होते. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"काय बघायला सांगितलंय?"

"पोट."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"मग वेळ लागणार. लांबचा रूट आहे."

आणि त्यांनी मला रूट समजावून सांगायला घेतला. पोट म्हणजे दुसरं काही नाही, एसटी आहे. तोंड हे मुख्य स्थानक. दात म्हणजे कंडक्टर, प्रत्येकाला पंच मारूनच पुढे सोडणार. अन्ननलिका म्हणजे निव्वळ उतार, गाडी न्यूट्रलवर टाकली की आपोआप खाली.

इथे मला गप्प बसवेना. "काका, न्यूट्रलवर नाही जात. ती २५ सेंमीची नळी स्नायूंची आहे. घासाच्या मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल पडतो, असं ढकलत ५-१० सेकंदांत घास खाली जातो. शीर्षासनात पाणी प्यायलं तरी ते जठरात पोचतं."

"शीर्षासनात पाणी प्यायला सांगितलंय कुणी?"

यावर काय बोलणार? ते पुढे निघाले. जठर म्हणजे आगार. गाडी एकदा आगारात शिरली की कधी बाहेर येईल ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. हे मात्र अर्धवट खरं आहे. नुसतं पाणी असेल तर त्यातलं निम्मं १५-२० मिनिटांत जठराबाहेर पडतं. घट्ट जेवणाला २ ते ४ तास लागतात, तळकट असेल तर आणखी. जठराच्या बाहेर पडायच्या तोंडाशी झडप असते. अन्नाचे कण दळून २ मिलिमीटरपेक्षा बारीक झाल्याशिवाय ती सहसा पुढे सोडत नाही. हे सांगितल्यावर काका खूश झाले. "तीच माझी पोस्ट," म्हणाले.

"पण जेवताना पाणी प्यायचं नाही हां," त्यांनी बोट नाचवलं. "ॲसिड पातळ होतं. डिझेलमध्ये पाणी गेल्यावर काय होतं?"

काही होत नाही. म्हणजे डिझेलचं होत असेल. जठरात रोज दीड ते दोन लिटर रस पाझरतो, त्याची आम्लता पीएच १.५ ते ३.५ इतकी तीव्र असते, आणि पेलाभर पाणी आलं तर भिंतीतल्या पेशी लागेल तितकं आम्ल पुन्हा सोडतात. पाणी तर अन्नाच्या आधीच जठरातून पुढच्या प्रवासाला लागलेलं असतं.

"हे कुणी आत जाऊन पाहिलंय?"

पाहिलंय, काका. १८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या माणसाला जवळून बंदुकीची गोळी लागली. विल्यम बोमॉन्ट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचवलं, पण जखम भरताना जठराला पडलेलं भोक बाहेरच्या कातडीशी जुळून कायम उघडं राहिलं. डॉक्टरला खिडकीच मिळाली. १८२५ पासून तो रेशमी दोऱ्याला मांस, पाव, कोबीचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडायचा, तासा-दोन तासांनी ओढून किती विरघळलं ते बघायचा. जठरातला रस बाटलीत काढून त्यातही मांस विरघळतं हे त्याने दाखवलं. म्हणजे पचन ही निव्वळ दळण्याची नाही, रसायनाचीही गोष्ट आहे. १८३३ मध्ये त्याने हे सगळं छापलं. माणूस चिडला की पचन बिघडतं, अशीही त्याची नोंद आहे. पोटातून दोरा लोंबत असताना सेंट मार्टिन कशामुळे चिडत असे, यावर डॉक्टरने फार विचार केलेला दिसत नाही.

"पगार होता का त्याला?" काकांनी नेमका प्रश्न विचारला.

"१८३२ च्या करारात वर्षाला १५० डॉलर. राहणं-जेवण फुकट."

"जेवण फुकट?"

"फुकट. पण परत काढून घ्यायचे."

काका हसले. मी हसलो नाही. भरलेल्या मूत्राशयाने हसणं ही चैन आहे. शिवाय नऊची वेळ दिलेली होती आणि साडेदहा होत आले होते. समोरच्या बाकावर मधुमेहाच्या एक बाई पदराने घाम पुसत होत्या. उपाशी पोटी मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेतलेल्या माणसाची साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते. त्या दिवशीचा डोस किती, कधी, हे डॉक्टरांना आधी विचारायचं असतं आणि अशा माणसाला पहिला नंबर द्यायचा असतो. त्यांचा नंबर चौदावा होता. त्यांना आधी घ्या असं मी काउंटरवर सांगितलं. "सगळ्यांना घाई असते," असं उत्तर मिळालं. याच्यात विनोद नाही, उगाच शोधू नये.

दरम्यान गाडी घाटात आली होती. लहान आतडं म्हणजे घाट, आणि त्याची घडी उलगडली तर टेनिसचं मैदान भरतं, हे काकांना पक्कं माहीत होतं. शाळेत मलाही हेच शिकवलं होतं. २०१४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी पुन्हा मोजमाप केलं, तेव्हा पूर्ण पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर निघालं. म्हणजे अर्धं बॅडमिंटन कोर्ट. काकांचा चेहरा पडला. कुणी त्यांच्या गावातला थांबा रद्द केल्यासारखा. लांबीचंही तसंच. शवविच्छेदनात लहान आतडं ६ मीटरच्या आसपास भरतं, पण जिवंत माणसात स्नायू आवळलेले असल्याने ते त्याहून बरंच आखूड असतं.

दीड मीटरचं मोठं आतडं त्यांनी 'लाल डबा' म्हणून उरकलं, सगळ्या थांब्यांवर थांबणारी गाडी, एक-दोन दिवस लागणारच. यात खोड काढायला जागा नव्हती. अपेंडिक्स म्हणजे बंद पडलेलं आगार, असं म्हणत त्यांनी पोटाच्या डाव्या बाजूवर थाप मारली. ते उजवीकडे असतं. मग बेंबी सरकण्याचा विषय निघाला. "इथे हात लावा, उडतंय बघा. दोन बोटं वर गेलीय. पायाचे अंगठे ओढले की जागेवर येते." तिथे उडते ती महाधमनी, काका. ती कण्यालगत खाली येते, बेंबीच्या आसपासच्या पातळीला तिच्या दोन शाखा होतात, आणि सडपातळ माणसाला तिचे ठोके हाताला लागतात. तिला कुणीही अंगठ्याने ओढून हलवलेलं नाही.

तेवढ्यात माझं पोट सगळ्यांना ऐकू जाईल असं गुरगुरलं.

"गाडी धुतायत," काका म्हणाले.

याचाच मला अजून राग आहे, कारण ते बरोबर होतं. उपाशी असताना दर दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जाते आणि उरलंसुरलं अन्न, पेशी, जंतू पुढे झाडून नेते. त्या रिकाम्या नळीत हवा आणि पाणी घुसळल्याचा आवाज येतो. सतत काहीतरी चघळणाऱ्या माणसाच्या आतड्याला ही झाडलोट करायची उसंतच मिळत नाही.

काकांचा नंबर माझ्या आधी लागला आणि ते दोन मिनिटांत बाहेर आले. पित्ताशय आकसलेलं. सकाळी चहा झाला होता, बरोबर मारी बिस्किटं. "चहा म्हणजे काय खाणं आहे का?" ते दाराशी वाद घालत होते. एवढा वेळ मला मार्ग शिकवणाऱ्या माणसाने पहिल्याच थांब्यावर दूध चढवलं होतं.

मग मी आत गेलो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत, हवेच्या सीमेवर आपटून परत फिरतात. जेल लावतात ते त्यासाठीच, कातडी आणि यंत्राच्या मधली हवा घालवायला. पण आतड्यातल्या हवेला जेल कुठून लावणार? स्वादुपिंड १२ ते १५ सेंमीचं, जठराच्या मागे आडवं पडलेलं, डोकं आद्यांत्राच्या वळणात आणि शेपूट प्लीहेशी. पुढे जठरात किंवा मोठ्या आतड्यात वायू असला की ते झाकलं जातं. मोठ्या आतड्यातला बराचसा वायू जंतूंनी केलेला असतो. मटकी, हरभरा, राजमा यांतल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा फोडायचं विकर माणसाच्या लहान आतड्यात नाही, त्यामुळे त्या मोठ्या आतड्यातल्या जंतूंच्या वाट्याला येतात. जठरातली असते गिळलेली हवा. आणि हवा सगळ्यात जास्त कधी गिळली जाते? घाईघाईने लिटरभर पाणी घटाघटा पिताना. किंवा उपाशी पोटी दीड तास एसटीवर बोलताना.

आणखी दोन पेले पाणी, पंधरा मिनिटं फेऱ्या, ती हाळी, मग डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर, श्वास घ्या, धरा, सोडा. डोकं दिसलं, शेपूट नाही. रिपोर्टात तसं लिहून आलं. उद्या परत या, अर्धे पैसे पडतील.

काउंटरवरच्या मुलीने नवी चिठ्ठी दिली. त्याच दोन ओळी.

"रात्री काय खायचं नाही?" मी विचारलं. "कडधान्यं, कोबी, सोडा, काही लिहून द्याल का?"

"उपाशी या म्हटलंय ना."

"ते सकाळचं झालं. रात्रीचं?"

"रात्री सेंटर बंद असतं."