बर्फ वितळणार, हे त्यांनाही माहीत आहे

सोलापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘फ्रान्समध्ये पंधरा कोटी अंशांच्या भट्टीत हायड्रोजनचा बर्फ टाकणार म्हणे! इथं मे महिन्यात बर्फाची लादी विजापूर वेशीपासून सात रस्त्यापर्यंत टिकत नाही. तो बर्फ आत पोचणारच नाही, आणि पोचलाच तर हायड्रोजन बॉम्ब! नळीनं गॅस सोडायला काय झालं?’

ही भट्टी म्हणजे आयटर, हायड्रोजनचे अणू जोडून (संमीलन करून) ऊर्जा मिळवण्यासाठी उभारलं जात असलेलं यंत्र. आधी गॅसचं. तो सोडतातच. पण आयटरएवढ्या मोठ्या यंत्रात गॅस प्लाझ्माच्या, म्हणजे आतल्या अतितप्त विद्युतभारित वायूच्या, कडेलाच आयनीभूत (विद्युतभारित) होतो आणि चुंबकीय क्षेत्र त्याला तिथंच अडकवतं. इंधन आणखी आत न्यायचं तर ते घट्ट आणि वेगवान हवं. म्हणून ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, उणे 254 अंश सेल्सिअसच्याही खाली गोठवून, त्याच्या कांडीचे काही मिलिमीटरचे तुकडे, म्हणजेच गोळ्या, पाडून सेकंदाला सुमारे 300 मीटर वेगानं मारायचे.

आता वितळण्याचं. वितळणार तर आहेच, त्यासाठीच टाकतात; प्रश्न फक्त कुठं वितळणार एवढाच. पंधरा कोटी अंश ऐकून छाती दडपते खरी, पण तो प्लाझ्मा आपल्या हवेपेक्षा लाखाहून जास्त पटींनी विरळ असतो. शिवाय तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब स्वतःच्याच वाफेवर नाचत राहतो, तसं गोळीभोवती तिच्याच वाफेचं कवच तयार होतं आणि ती थोडा वेळ तग धरते. गंमत पुढेच आहे. ही वाफ कमी चुंबकीय क्षेत्राकडे, म्हणजे कंकणाकृती यंत्राच्या बाहेरच्या बाजूला सरकते. बाहेरून गोळी मारली तर बरंचसं इंधन आल्या वाटेनं परत! म्हणून आयटरमध्ये वाकड्या नळीतून फिरवून ती आतल्या बाजूनं मारायची योजना आहे.

हे नुसतं कागदावर नाही. मे 2025 मध्ये जर्मनीतल्या वेंडेलश्टाइन 7-एक्स या संमीलन यंत्रात 43 सेकंदांत मिलिमीटरभराच्या सुमारे 90 गोळ्या सोडून विक्रम झाला. तिथं साधा हायड्रोजन होता, वीज तयार झाली नव्हती, हेही सांगायला हवं.

बॉम्बचं थोडक्यात: हायड्रोजन बॉम्ब पेटवायला आधी अणुबॉम्ब लागतो. इथं आत एका वेळी जेमतेम काही ग्रॅम इंधन, आणि गोळ्या थांबल्या की आग विझते.

शंकाच घ्यायची तर ट्रिटियमवर, म्हणजे ड्युटेरियमसोबत लागणाऱ्या हायड्रोजनच्या आणखी जड प्रकारावर घ्या. आत टाकलेल्यातलं बहुतेक इंधन न जळताच बाहेर पडतं. ते ओढून, शुद्ध करून, पुन्हा गोठवावं लागतं. आणि ट्रिटियम मुळातच दुर्मीळ. तेव्हा आयटर सुरू झालं तरी आहेरवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्रात कोळसा येतच राहील.