थोराड दिसणारं शंटर नकली नसतं

रत्नागिरी-चिपळूणकडच्या मॉडेल रेल्वेवाल्यांत एक मेसेज फिरतोय: ‘१६.५ मिमी अंतराच्या रुळांवर धावणारं प्रत्येक मॉडेल १:८७ चंच (खऱ्याच्या ८७ पट लहान) असतं. शेजारच्या वॅगनपेक्षा मोठं दिसणारं डिझेल शंटर (वॅगन इकडून तिकडे हलवणारं छोटं इंजिन) नकली, घेऊ नका.’ हे चूक आहे.

रूळ एकच, पण प्रमाणं दोन. एचओ म्हणजे १:८७, ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, आणि दोन्ही १६.५ मिमीवरच धावतात. खऱ्या स्टँडर्ड गेजला, म्हणजे दोन रुळांतल्या १४३५ मिमी अंतराला, ८७ ने भागलं की १६.५ येतात. ओओमध्ये हा हिशेब जुळतच नाही. गाडी मोठी, रूळ अरुंद. लिंकनच्या रस्टन अँड हॉर्न्सबीचं ४८डीएस हे कारखान्यातलं ४८ अश्वशक्तीचं पिटुकलं इंजिन. त्याचं ओओ मॉडेल एचओ वॅगनला जोडलं तर थोराड दिसणारच. खोक्यावरचं प्रमाण वाचा, एवढंच.

कोकण रेल्वेचा १६७६ मिमी गेज १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिमी होतो. म्हणजे १६.५ वर चालणारं आपल्या ब्रॉडगेज इंजिनाचं १:८७ मॉडेल रुंदीत तडजोडीचंच. त्यावर मात्र कोणी मेसेज पाठवत नाही!

आणि शंटर अडखळतं म्हणून तेही नकली ठरवू नका. रुळांतून वीज घ्यायला चारच चाकं, त्यात आपली खारी हवा. चाकं आणि रूळ पुसून घ्या.