सदाफुली कुंडीत शोभते, पोटात नाही

मावशीचा फोन आला. वय ७२, मधुमेहाची गोळी चालू. बोलता बोलता म्हणाली, "अगं, मी हल्ली रोज सकाळी सदाफुलीची चार पानं चावते. गोळी अर्धीच घेते." कुणाला विचारून? मेसेजला! तोच तो: सदाफुली एकदा लावा, जन्मभर टिकते, पाणी लागत नाही, साप फिरकत नाही, मधुमेह मुळापासून जातो, कॅन्सर होत नाही; आणि ऋषिमुनींचं हे ज्ञान औषध कंपन्यांनी दडवलं.

दडवलं कसलं? जमैकात मधुमेहावर या पानांचा चहा पितात, म्हणून १९५२ मध्ये ती पानं कॅनडात पोचली. तिथे वेस्टर्न ऑन्टारियो विद्यापीठात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांना अर्क पाजला. साखरेवर फारसा फरक नाही. मग टोचला, तर उंदीर जंतुसंसर्गाने पटापट मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच ढासळल्या होत्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरचं औषध निघालं. १९५८ मध्ये हे सगळं छापून आलंय.

म्हणजे कॅन्सरचा धागा खरा आहे, मान्य. पण एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात आणि ते शिरेतून, मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. मावशीच्या चार पानांत काय किती गेलं, कोण मोजणार? पुढे उंदरांवरच्या काही प्रयोगांत साखर उतरलीही. समजा मावशीचीही उतरली, तर गोळीबरोबर ती नको तेवढी उतरेल. नाही उतरली, तर अर्धी गोळी आहेच घात करायला.

ऋषिमुनींचं म्हणाल तर हे झाड मूळचं मादागास्करचं. सापाला कुणी विचारलंय?

पाण्याचं अर्धं खरं. रोप रुजेपर्यंत पाणी हवंच, नंतर ते ऊन सोसतं. कुंडीतली सदाफुली तहानेपेक्षा साचलेल्या पाण्यानेच जास्त मरते. आणि जन्मभर वगैरे नाही. दोन-तीन वर्षांत बुंधा लाकडासारखा होतो, फुलं कमी येतात. तोवर शेंगा तडकून बी पडलेलं असतं, म्हणून झाड तेच आहे असं वाटतं.

"मग उपटून टाकू का?" मावशीने विचारलं.

अगं, उपटतेस कशाला? फुलं देवाला वाहा. गोळी मात्र आजपासून पूर्ण घे आणि डॉक्टरांना पानांचंही सांग. पायरीच्या फटीत बघ, दोन पिल्लं आली असतील.